बंद कंट्रोल रूममधील बॅटरी : ठेका घेण्यापूर्वी हे पाहा

रत्नागिरी जिल्ह्यात लोटे-परशुराम येथे रासायनिक कारखाने आहेत, तर गुहागर तालुक्यातील अंजनवेलला द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनल आहे. अशा ठिकाणी ज्वालाग्राही वाफ किंवा वायू हवेत मिसळण्याची शक्यता असते. तेथील बॅटरी-यूपीएसचे काम दुकानातल्या इन्व्हर्टरसारखे समजून केले, तर ते जिवावर बेतू शकते. हे काम करणाऱ्या व्यापारी व वायरमन बांधवांनी त्यातील दोन धोके नीट समजून घ्यावेत.

पहिला धोका बाहेरचा. वाफ आत शिरू नये म्हणून कंट्रोल रूम घट्ट बंद ठेवतात. पंख्याने सुरक्षित जागेतली स्वच्छ हवा आत ढकलून आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राखतात. या दाबाच्या भरवशावरच आत साधी विद्युत उपकरणे बसवलेली असतात. वीज गेली की पंखा थांबतो आणि नेमकी त्याच वेळी बॅटरी कामाला लागते. म्हणजे संरक्षण संपते, पण ठिणगी पाडू शकणारी उपकरणे चालूच राहतात. मेन स्विच पाडला तरी बॅटरीचा पुरवठा तुटत नाही.

दुसरा धोका बॅटरीच्या पोटातला. शिसे-आम्लाची बॅटरी भरल्यावरही चार्जिंग चालू राहिले, तर हायड्रोजन निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हलका असल्याने तो छताशी साचतो. हवेत त्याचे प्रमाण 4 टक्के झाले की एक ठिणगी पुरते. हिशेब करून पाहा. 1 अँपिअरचा जादा प्रवाह तासभर वाहिला, तर प्रत्येक सेलमधून सुमारे 0.42 लिटर हायड्रोजन निघतो. 12 व्होल्टच्या 10 बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या तर 60 सेल होतात. चार्जर बिघडून 5 अँपिअर प्रवाह चालू राहिला, तर तासाला सुमारे 126 लिटर. 10 फूट लांब, रुंद व उंच अशा पूर्ण बंद खोलीत ही मर्यादा सुमारे 9 तासांत गाठली जाते, छताजवळ त्याआधीच. ‘मेंटेनन्स-फ्री’ बॅटरीही जादा चार्ज झाल्यास झडपेतून वायू सोडते.

2001 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका रिकाम्या केलेल्या संगणक केंद्रात यूपीएसच्या बॅटऱ्या मागे राहिल्या होत्या. तेथे साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट होऊन छताला मोठे भगदाड पडले, भिंती कोसळल्या. आत कोणी नव्हते म्हणून जीव वाचले.

काम घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

1. शक्यतो बॅटऱ्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर, वेगळ्या हवेशीर खोलीत ठेवाव्यात.
2. हवा बाहेर जाण्याची वाट छतालगत असावी. हायड्रोजन 1 टक्क्याच्या खालीच राहावा.
3. एक्झॉस्ट पंखा हायड्रोजनसाठी, म्हणजे आयआयसी गटासाठी प्रमाणित असावा. केवळ ‘फ्लेमप्रूफ’ ही पाटी पुरेशी नाही.
4. एक्झॉस्ट थांबताच चार्जर आपोआप बंद व्हावा. खोलीतला दाब गेल्यास कोणता पुरवठा तोडायचा, हे कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावे.
5. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने टर्मिनल गंजतात, सैल होतात व तापतात. ते नियमित तपासावेत. चार्जिंग चालू असताना मात्र सोडू नयेत.

पंखा व इंटरलॉक गाळून दर खाली आणता येतो. पण रात्रपाळीला आत बसणाऱ्या माणसाचा जीव ही आपल्या हाती दिलेली अमानत आहे. म्हणून या दोन्ही बाबी कोटेशनमध्ये स्वतंत्र लिहाव्यात. त्यामुळे एखादा ठेका गेला तरी चालेल. रोजी देणारा अल्लाह आहे.