हिमयुगातील महापूर आणि कालसीमांचा प्रश्न : भीमा खोऱ्याच्या संदर्भात

भूविज्ञानात काळ दोन प्रकारे मोजला जातो. एका प्रकारात खडकाचे किंवा गाळाचे वय वर्षांत सांगितले जाते; दुसऱ्यात एखादा विशिष्ट थर दोन कालखंडांमधील सीमा म्हणून सर्वसंमतीने निश्चित केला जातो. नदीच्या गाळात या दोन्ही प्रकारांची कसोटी लागते. कारण जी नदी थर रचते, तीच पुढच्या पुरात तो उकरून अन्यत्र नेऊन टाकते. भीमेच्या खोऱ्यात सापडलेल्या ज्वालामुखीय राखेच्या वयाविषयीचा वाद या अडचणीतून उद्भवला आहे. त्याचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी अमेरिकेतील हिमयुगीन पुरांच्या संशोधनाचा मागोवा प्रथम घेणे इष्ट ठरेल.

जे. हार्लेन ब्रेट्झ या भूवैज्ञानिकाने १९२३ साली वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागातील खरवडल्यासारख्या उघड्या बेसाल्ट प्रदेशाची मीमांसा केली. कोरडे धबधबे, पाण्याविना पडलेल्या खोल घळी आणि प्रचंड शिलाखंड हे सर्व एका अतिविशाल पुराचे अवशेष आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. भूपृष्ठ मंद गतीनेच बदलते या तत्त्वावर वाढलेल्या समकालीनांना हा विचार धर्मग्रंथांतील प्रलयकथेच्या जवळ जाणारा वाटला; १९२७ च्या वॉशिंग्टन येथील सभेत त्यावर कठोर टीका झाली. एवढे पाणी आले कोठून, हा आक्षेप मात्र रास्त होता. त्याचे उत्तर जोसेफ पार्डी यांच्या संशोधनातून मिळाले. हिमनदीने दरी अडवल्यामुळे मिसूला नावाचे विस्तीर्ण सरोवर निर्माण झाले होते. ते वेगाने रिकामे झाल्याची साक्ष देणाऱ्या, तळावरील अवाढव्य वाळू-गोट्यांच्या लाटा पार्डी यांनी १९४२ साली प्रसिद्ध केल्या. ब्रेट्झ यांना १९७९ मध्ये, वयाची नव्वदी उलटल्यावर, पेनरोझ पदक मिळाले.

पूर एक की अनेक, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक होता. रिचर्ड वेट यांनी १९८० साली त्याचे जे उत्तर दिले, ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. पुराच्या मंदावलेल्या पाण्याने उपदऱ्यांत टाकलेले गाळाचे सुमारे चाळीस थर एकावर एक आढळतात. त्यांपैकी दोन थरांच्या मध्ये सेंट हेलेन्स ज्वालामुखीची राख पसरलेली आहे. राख अशी स्वच्छ पडून राहण्यासाठी जमीन काही काळ कोरडी असावी लागते. अर्थात खालचा थर एका पुराचा आणि वरचा दुसऱ्याचा. तेथील राख आकाशातून पडली ती जागीच राहिली, म्हणून तिची साक्ष ग्राह्य ठरली.

दख्खनमध्ये हिमनद्या नव्हत्या. येथे हिमयुग पोहोचले ते दुर्बल झालेल्या मान्सूनच्या रूपाने. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील भूवैज्ञानिक शरद राजगुरू यांनी मुळा-मुठा खोऱ्यातील उत्तर प्लाइस्टोसीन काळावर १९७० साली प्रबंध सादर केला. नद्यांच्या काठावरील गाळाचे कडे हे हवामानाचे दप्तर आहे, ही दृष्टी त्यांच्या पुढील सर्व कार्यात दिसते. विश्वास काळे यांच्यासह त्यांनी १९८७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात वायव्य दख्खनच्या नद्यांचा इतिहास मांडला. हिमयुगाच्या अखेरच्या कोरड्या काळात क्षीण प्रवाहांनी पात्रे गाळाने भरली. होलोसीनच्या आरंभी मान्सून सबळ होताच त्याच नद्यांनी तो गाळ कापून आपली पात्रे खोल केली. अधिक पाऊस म्हणजे अधिक गाळ, ही सर्वसाधारण समजूत येथे उलटी ठरते. भीमथडीचे उंच काठ पाहताना ही बाब विसरता कामा नये.

जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडीच्या काठी राखेचा थर व त्याच्याशी निगडित अश्यूलियन पद्धतीची दगडी हत्यारे सापडली. कऱ्हेच्या काठी मोरगाव येथेही राख आढळली. कुकडी घोडमार्गे आणि कऱ्हा नीरेमार्गे भीमेस मिळते; म्हणजे पंढरपुरास येणारे पाणी या दोन्ही स्थळांवरून वाहत येते. राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची आहे, याविषयी पुढे फारसा मतभेद उरला नाही. वाद राहिला तो कोणत्या उद्रेकाची, याविषयी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने बोरीच्या राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे आले. १९९५ मध्ये शीला मिश्रा, राजगुरू व सहकाऱ्यांनी आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे ठरवले. त्याच सुमारास राखेतील काचकणांच्या रसायनावरून अन्य संशोधकांनी ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या अखेरच्या महाउद्रेकाची असल्याचे सांगितले. २०११ साली वेस्टवे, मिश्रा आदींनी बोरीसाठी ७ लाख १४ हजार (अधिक-उणे ६२ हजार) आणि मोरगावसाठी ८ लाख ९ हजार (अधिक-उणे ५१ हजार) ही वये प्रसिद्ध केली.

एका थराची वये १४ लाखांपासून ७५ हजारांपर्यंत यावीत, हे बाहेरच्या वाचकास विचित्र वाटेल. त्यामागे कारणे आहेत. टोबाच्या निरनिराळ्या उद्रेकांतील राखेची रासायनिक घडण बरीच सारखी असते. शिवाय नदीने वाहून आणलेल्या राखेत जुन्या खडकांचे कण मिसळले, तर वय फुगते. वॉशिंग्टनमधील राख आणि बोरीची राख यांतील भेद नेमका येथे आहे. तेथे राख दोन पुरांमध्ये विसावली, येथे ती पात्रात सापडली. नदीने राखेची पुनर्मांडणी केली असेल, तर राखेचे वय हे हत्यारांचे वय नव्हे. ती केवळ अशी मर्यादा ठरते की थर त्याहून जुना नाही. हत्यारांची प्राचीनता सांगताना ही अट अनेकदा गाळली जाते, आणि पाठ्यपुस्तकात केवळ आकडा उरतो.

कालसीमेचा प्रश्न येथे थेट भिडतो. आरंभिक व मध्य प्लाइस्टोसीन यांची सीमा जपानमधील चिबा येथील छेदावर जानेवारी २०२० मध्ये अधिकृत झाली. तिचे वय ७ लाख ७४ हजार वर्षे. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांचा अखेरचा पालट ही तिची मुख्य खूण. बोरी व मोरगाव यांच्या वर दिलेल्या वयांच्या त्रुटिमर्यादा पाहिल्या, तर ही सीमा दोन्हींच्या आत पडते. तेव्हा केवळ त्या दोन आकड्यांवरून ही राख सीमेच्या कोणत्या बाजूची, हे ठामपणे सांगता येत नाही. गाळातील चुंबकत्वाची दिशा ही स्वतंत्र कसोटी असून, त्यासाठी संथ पाण्यात बसलेला बारीक गाळच उपयोगी पडतो.

सीमा जागतिक असते, नदी स्थानिक. होलोसीनचा आरंभ ग्रीनलँडच्या बर्फात ११,७०० वर्षांपूर्वी निश्चित केला गेला आहे. त्याच वर्षी भीमेने पात्र कापण्यास आरंभ केला, असे मानण्यास आधार नाही. होलोसीनच्या २०१८ साली मान्य झालेल्या मेघालयन विभागाचे प्रमाणस्थान भारतातील मावम्लू गुहेत आहे, तथापि तेही गुहेतील निक्षेपात, नदीकाठी नव्हे.

मिसूलाच्या पुरांवर काम केलेले व्हिक्टर बेकर पुढे नर्मदेच्या अभ्यासात काळे व मिश्रा यांच्यासह सहभागी झाले. खडकाळ घळीतील कपारींत पुराने सोडलेला संथ पाण्याचा गाळ वाचून त्यांनी १९९६ मध्ये नर्मदेच्या प्राचीन पुरांचा सुमारे १,७०० वर्षांचा आलेख प्रसिद्ध केला. पंढरपूर-सोलापूर परिसरात ही पद्धत जशीच्या तशी लावणे योग्य होणार नाही. येथे भीमा-सीनेची पात्रे रुंद गाळपट्ट्यांतून जातात. तिथे पुराची उंची टिपणाऱ्या कपारी नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळ व उत्तर सोलापूर तालुक्यांत जे घडले, त्याची तुलना करण्यास मोजमापाची नोंद फार अल्पकालीन आहे. भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग-कुडल येथे शके ९४० (इ. स. १०१८) चा मराठी शिलालेख आहे. ज्यांच्या बांधकामाचा काळ लेखांवरून ठाऊक आहे, अशा वास्तूंच्या पायथ्याशी पुराचा गाळ अविचल स्थितीत मिळाल्यास, त्या थराला राखेविनाही कालमर्यादा लाभू शकेल. परंतु तेथेही पहिली तपासणी गाळाच्या वयाची नव्हे, तो मूळ जागी आहे की वाहून आलेला, याचीच करावी लागेल.