विश्लेषण : ‘गाडून टाकू’ की ‘पुरून उरू’? विध्वंसाची रशियन क्रियापदे इंग्रजीत का फसतात?

मॉस्कोतील पोलंडच्या दूतावासात १८ नोव्हेंबर १९५६ रोजी स्वागतसमारंभ सुरू होता. सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी पाश्चात्त्य राजदूतांसमोर भांडवलशाहीवर तोंडसुख घेतले. त्याच ओघात त्यांनी उच्चारलेल्या एका छोट्या वाक्याचा दुभाषे व्हिक्टर सुखोद्रेव यांनी शब्दशः अनुवाद केला : ‘वुई विल बरी यू’. भाषणादरम्यान नाटो देशांचे राजदूत उठून गेले आणि ते वाक्य जगभर छापून आले. दोनच आठवड्यांपूर्वी सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते, हायड्रोजन बॉम्बची चाचणीही झालेली होती. त्यामुळे अमेरिकी वाचकाने या वाक्याचा एकच अर्थ घेतला.

ख्रुश्चेव्ह यांना काय म्हणायचे होते?

त्यांनी वापरलेले क्रियापद होते ‘पखरानीत’. खड्डा खणून पुरणे यासाठी रशियनमध्ये ‘झकपात’ हे वेगळे क्रियापद आहे. ‘पखरानीत’मध्ये अंत्यसंस्कार करण्याचा भाव आहे आणि अंत्यसंस्कार करतो तो मागे राहिलेला माणूस. मृत्यू त्याच्याच हातून झाला, असे त्यातून निघत नाही. मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४८च्या जाहीरनाम्यात भांडवलदार वर्ग स्वतःचेच थडगे खणणारे निर्माण करतो, असे म्हटले होते. ख्रुश्चेव्ह यांच्या बोलण्यात तोच धागा होता. १९६३मध्ये युगोस्लाव्हियात बोलताना त्यांनी खुलासा केला की, आपण कुणाला फावड्याने पुरणार नाही. तुमचा कामगारवर्गच ते करील. तोवर सात वर्षे उलटली होती.

सुखोद्रेव यांनी शब्द चुकवला नव्हता. इंग्रजी ‘बरी’मध्ये अंत्यविधी आणि गाडणे हे दोन्ही अर्थ येतात आणि समोर शत्रू उभा असेल तर ऐकणारा दुसराच अर्थ उचलतो. गंमत म्हणजे मराठीत हे वाक्य बहुधा सुखरूप उतरले असते. ‘आम्ही तुम्हाला पुरून उरू’ यात जिरवण्याची भाषा आहे, टिकून राहण्याचा विश्वास आहे आणि ‘पुरणे’ या शब्दावरचा श्लेषही आहे.

गोंधळ केवळ एका शब्दाचा आहे का?

नाही. इंग्रजीत काच, काठी, दोरा आणि यंत्र या सगळ्यांना ‘ब्रेक’ चालते. रशियनमध्ये काचेला ‘रझबीत’, काठीला ‘स्लमात’ आणि दोऱ्याला ‘परवात’ लागते. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपलीही काच फुटते, काठी मोडते, दोरा तुटतो. इंग्रजीतून रशियनमध्ये जाताना नेमके काय तुटले हे अनुवादकाला आधी कळावे लागते. वाक्यात ती वस्तू नसेल तर अंदाज करावा लागतो, माणसालाही आणि सॉफ्टवेअरलाही.

उलट दिशेने येताना अडचण वेगळी असते. रशियन क्रियापदांच्या सहसा जोड्या असतात. ‘स्बिवाली’ म्हणजे पाडत होते, पाडण्याचा प्रयत्न चालू होता. ‘स्बीली’ म्हणजे पाडले. त्यामुळे ‘स्बिवाली, पण स्बीली नाही’ असे वाक्य रशियनमध्ये बिनदिक्कत म्हणता येते. त्याचे रोखठोक इंग्रजी ‘पाडले, पण पाडले नाही’ असे निघेल. मराठीत ‘पाडत होते’ आणि ‘पाडून टाकले’ यातला फरक जवळपास हेच काम करतो.

युद्धाच्या बातम्यांत याचा फटका कसा बसतो?

रशियाच्या लष्करी निवेदनांत ‘पराझेनिये’ हा शब्द सतत येतो. सर्वसाधारण भाषेत त्याचा अर्थ पराभव. लष्करी परिभाषेत मात्र ‘अग्नेव्होये पराझेनिये’ म्हणजे तोफा, क्षेपणास्त्रे वा बॉम्ब यांचा मारा करून हानी पोहोचवणे. एखाद्या ब्रिगेडवर असा मारा झाला, म्हणजे ती ब्रिगेड हरली किंवा संपली असे नव्हे. इंग्रजीत ‘डिफीट’ लिहिले की अर्थ चढतो. तिथून मराठीत येताना ‘नेस्तनाबूत’ हा आपला आवडता शब्द हाताशी असतोच. मूळ निवेदनातला दावा खरा की खोटा हा प्रश्न वेगळाच. पण जो दावा केलेलाच नाही, तो वाचकापर्यंत पोहोचतो.

‘लिक्विडेट’ची गोष्ट उलटी का?

इथे रशियननेच इंग्रजी बदलली. ‘लिक्विडेट’ हा मुळात देणी फेडण्याचा, कंपनी गुंडाळण्याचा शब्द. महाराष्ट्रात बुडालेली सहकारी बँक ‘अवसायनात’ निघते, तेच हे. डिसेंबर १९२९मध्ये स्टालिन यांनी ‘कुलक’ म्हणजे सधन शेतकरी हा वर्गच ‘लिक्विडेट’ करण्याचे धोरण जाहीर केले. लाखो कुटुंबे हद्दपार झाली, अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. माणसे संपवणे हा अर्थ इंग्रजीत आला तो याच रशियन वापरातून.

पण रशियनमध्ये ‘लिक्विदात्सिया’ आजही निरुपद्रवी कामांसाठी चालतो. १९८६च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर किरणोत्सर्गी ढिगारे उपसणाऱ्या सुमारे सहा लाख लोकांना ‘लिक्विदातर’ म्हणतात. दुर्घटनेचे परिणाम निस्तरणारे, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजी वाचकाला मात्र तो शब्द मारेकऱ्याचा वाटू शकतो आणि मराठीत ‘अवसायक’ लिहिले, तर चेर्नोबिलमध्ये पतसंस्था बुडाली होती असे वाटेल.

मग करार कसे लिहिले जातात?

रोनाल्ड रेगन आणि मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी ८ डिसेंबर १९८७ रोजी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांबाबतच्या करारावर सह्या केल्या. त्याच्या रशियन नावात ‘लिक्विदात्सिया’ आहे आणि इंग्रजीत ‘एलिमिनेशन’. दोन्ही मसुदे सारखेच अधिकृत धरायचे होते. म्हणून क्रियापदावर विसंबून न राहता कृतीच लिहून काढली गेली : क्षेपणास्त्र स्फोटाने उडवायचे, जाळायचे, कापायचे की चिरडायचे, आणि ते दुसऱ्या बाजूच्या निरीक्षकांसमोर कसे करायचे. १९९१पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रे अशी संपवण्यात आली. त्यांवरची अण्वस्त्रे मात्र आधीच काढून घेण्याची मुभा होती. करारातल्या व्याख्येप्रमाणे क्षेपणास्त्र नष्ट झाले, तरी बॉम्ब शिल्लकच होता.