किडनी बदलल्यावर फडात कधी जावे?



मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली किडनी बसविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा जीव वाचतो का हाच प्रश्न होता. आज घरची मंडळी वाचलेल्याला बाजेवरून उठू देत नाहीत! हे चूक. आजाराने व स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मांड्यांची ताकद आटते, ती चालूनच परत येते. डॉक्टरांनी मुभा देताच बांधावरून रोज फेरी मारावी, हळूहळू वाढवावी. उसाची मोळी मात्र पहिले काही महिने नकोच. नवी किडनी ओटीपोटात, वरच्यावर असते. कुस्ती-कबड्डीचा मार तिला सोसत नाही. शेणखतही दुसऱ्याने पसरावे, कारण गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते. इंग्लंडात १९७८ साली अवयव बदललेल्यांच्या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. आपण वैरागच्या बाजारापर्यंत पायी गेलात तरी पुष्कळ. पिशवी तेवढी पोराच्या हाती द्या.