अश्व-विषाणुरोगांच्या रक्तरस चाचण्यांचे मूल्यमापन

घोडा, गाढव व खेचर यांच्या रक्तरसात (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात) एखाद्या विषाणूविरुद्ध निर्माण झालेली प्रतिपिंडे (संसर्गाच्या प्रतिकारासाठी शरीरात तयार होणारी प्रथिने) शोधणाऱ्या चाचण्यांची विश्वसनीयता ठरविण्याच्या पद्धतीस मूल्यमापन म्हणतात. या चाचण्यांत विषाणू प्रत्यक्ष दिसत नाही, तर त्याला शरीराने दिलेला प्रतिसाद दिसतो. त्यामुळे ‘होकारात्मक’ या निष्कर्षाचा अर्थ रोगपरत्वे बदलतो.

अश्व संक्रामक पांडुरोग (रक्तक्षय) हा रोग रक्त शोषणाऱ्या मोठ्या माश्या व दूषित सुया यांमार्फत पसरतो. एकदा बाधा झालेला घोडा जन्मभर विषाणुवाहक राहतो. म्हणून प्रौढ घोड्यात प्रतिपिंडे आढळणे म्हणजे तो बाधित असणे होय. मात्र बाधित घोडीच्या शिंगरात चिकाच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे काही महिने टिकतात. त्याचप्रमाणे बाधेनंतर प्रतिपिंडे निर्माण होण्यास बहुधा ४५ दिवसांपर्यंतचा अवधी लागतो. त्यापूर्वीचा नकारात्मक निष्कर्ष निर्णायक नसतो. याउलट अश्व इन्फ्ल्यूएंझामध्ये प्रतिपिंडे पूर्वी होऊन गेलेल्या रोगामुळे किंवा लसीमुळेही असू शकतात. म्हणून दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेऊन प्रतिपिंडांची पातळी किमान चौपट वाढली आहे काय, हे पाहतात. भारतात या रोगाच्या १९८७ व २००८-०९ मध्ये मोठ्या साथी आल्या होत्या.

पांडुरोगासाठी लीरॉय कॉगिन्स यांनी १९७० मध्ये आगर जेलमधील विसरणावर आधारलेली चाचणी प्रसिद्ध केली. जेलमध्ये प्रतिजन (प्रतिपिंडांशी संयोग पावणारा विषाणूचा घटक) व प्रतिपिंड एकत्र आल्यावर पांढरी रेषा उमटते; निष्कर्षास एक ते दोन दिवस लागतात. एलायझा ही विकररंजनावर आधारलेली चाचणी अधिक जलद व अधिक संवेदनशील आहे. परंतु तीत खोटे होकार अधिक येतात. तिच्यातील रंगाच्या तीव्रतेची सीमारेषा खाली आणल्यास बाधित घोडे कमी सुटतात, पण निरोगी घोडे अधिक अडकतात.

मूल्यमापनासाठी बाधित व निरोगी असल्याची खात्री असलेल्या घोड्यांचे रक्तरस तपासतात. बाधितांपैकी जितके ओळखले जातात ते प्रमाण म्हणजे संवेदनशीलता आणि निरोगींपैकी जितके निरोगी ठरतात ते प्रमाण म्हणजे विशिष्टता होय. एवढ्यावरून मात्र एका घोड्याचा निर्णय करता येत नाही. समजा, १०,००० घोड्यांत १० बाधित असून चाचणीची संवेदनशीलता १०० टक्के व विशिष्टता ९९ टक्के आहे. मग १० खऱ्या होकारांबरोबर सुमारे १०० खोटे होकार येतील. म्हणजे अकरा होकारांपैकी एकच खरा ठरेल. त्याच कळपात २,००० घोडे बाधित असते, तर खोटे होकार ८० च येऊन शंभरापैकी सुमारे ९६ होकार खरे ठरले असते. रोग जितका विरळ, तितका एकट्या होकारावरचा भरवसा कमी. यास्तव एलायझाचा होकार जेल चाचणीने पडताळून पाहतात.

महाराष्ट्रात या पडताळणीस व्यावहारिक महत्त्व आहे. मुंबई व पुणे येथे शर्यतींचे घोडे आहेत; तसेच बदलापूरच्या दक्षिणेस असलेल्या माथेरान या गिरिस्थानी मोटारींना मज्जाव असल्याने घोड्यांवरून प्रवासी व सामान नेण्यावर अनेक कुटुंबांची उपजीविका चालते. पांडुरोगावर उपचार नाही. बाधित घोडा कायमचा अलग ठेवावा किंवा नष्ट करावा लागतो. खोट्या होकारामुळे निरोगी घोडा व त्यावरील मिळकत नाहक जाते. खोट्या नकारामुळे शेजारच्या तबेल्यांतील घोडे धोक्यात येतात. हा रोग २००९ च्या केंद्रीय प्राणिरोग प्रतिबंधक कायद्याच्या अनुसूचीत आहे. हिस्सार (हरियाणा) येथे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात अश्वरोगांच्या निदानाचे कार्य चालते.