भेंडीचा हळद्या आणि बांधावरची रानभेंडी

मैत्रिणींनो, भेंडीचे दोन-तीन तोडे होतात, हातात बाजाराचे चार पैसे खेळायला लागतात, आणि नेमकी तेव्हाच पानं पिवळी पडतात. आधी शिरा, मग अख्खं पान, मग भेंडीसुद्धा पिवळट आणि टणक. तिला गिऱ्हाईक मिळत नाही. हाच हळद्या, कुणी केवडाही म्हणतं. तो विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो या झाडावरून त्या झाडावर नेते. लागलेल्या झाडाला औषध नाही, उपटायचंच. फवारणीने फार तर माशी कमी होते.

पूर्वी दिल्लीचं पुसा सावनी हे वाण या रोगापुढे टिकायचं. पुढे तेही पिवळं पडू लागलं. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी भेंडीच्या दूरच्या नातलगांशी तिचा संकर करून पाहिला. मॅनिहॉट नावाच्या नातलगात हळद्याला दाद न देणारा गुण होता. तो एकाच प्रबळ जनुकामुळे येतो, असं त्यांनी १९८१ साली मांडलं.

जनुक म्हणजे बियातून पुढच्या पिढीला जाणारा निरोप. प्रत्येक झाडाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. जनुक प्रबळ असलं की एक प्रतही पुरते. म्हणून संकराची पहिली पिढी सगळी हिरवी राहते. पण तिचं बी पेरलं की चारांत साधारण तीन झाडं टिकतात आणि एक पिवळं पडतं. संकरित वाणाचं बी घरी धरलं की पीक एकसारखं का येत नाही, त्याचं कारण हेच.

मग पहिल्या पिढीचंच बी का नाही वाटलं? कारण ती अर्धी परकी. अशा लांबच्या सोयरिकीत बी नीट धरत नाही, फळही हवं तसं नसतं. म्हणून निरोगी झाडं निवडून पुन्हा पुसा सावनीशी जुळवायची, पुन्हा निवडायची. दर वेळी परका वाटा निम्मा होतो, हवं ते जनुक मात्र राखायचं. कंटाळवाणं काम! त्यातूनच ‘परभणी क्रांती’ आली.

बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेने ‘अर्का अनामिका’ करताना टेट्राफायलस ही रानभेंडी घेतली. ती आपल्याकडेही पावसाळ्यात बांधाला, रस्त्याकडेला उगवते. पिवळं फूल, मधोमध जांभळट; बोंड आखूड आणि लवदार, हाताला टोचणारं. आपण तिला तण म्हणून उपटतो, हल्ली तर तणनाशकच मारतो. आता काही भागांत या वाणांवरही हळद्या दिसतो, म्हणजे नवं जनुक पुन्हा अशाच झाडांत शोधावं लागणार. पिकात आलेली उपटा, पण पडीक कोपऱ्यातली राहू द्या. तिची पानं पिवळी दिसली तर मात्र काढा, सगळ्याच रानभेंड्या निरोगी नसतात.

ही दोन्ही सरळ वाणं, बी घरी धरता येतं. शेवटपर्यंत हिरव्या राहिलेल्या झाडांना चिंधी बांधा आणि त्यांच्या शेंगा झाडावरच वाळू द्या. शेजारी दुसरी भेंडी असेल तर मधमाश्या परागाची सरमिसळ करतात, तेव्हा बियाण्याच्या ओळी जरा लांब ठेवा.