बाटलीतला पाक, पेल्यातले पन्हे

चैत्र शुद्ध तृतीयेला देव्हाऱ्यातील अन्नपूर्णा पाळण्यात बसते आणि तेथून अक्षय्य तृतीयेपर्यंत सोयीचा एखादा दिवस पाहून महाराष्ट्रातील अनेक घरांत चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, कैरी घालून वाटलेली डाळ, कलिंगडाच्या फोडी आणि थंडगार पन्हे हा त्या संध्याकाळचा ठरलेला पाहुणचार असतो. दोन-तीन तासांत चाळीस-पन्नास जणी येऊन जाणार असतील तर प्रत्येक वेळी कैरी उकडून नवे पन्हे कालवणे अशक्य असल्यामुळे आठ-दहा दिवस आधीच कैरीचा गर साखरेत शिजवून बाटल्यांत भरून ठेवला जातो आणि आयत्या वेळी त्यात फक्त पाणी मिसळले जाते. बाजारात ज्याला सिरप म्हणतात आणि घरात जो पन्ह्याचा गर, सरबताचा पाक किंवा नुसताच ‘अर्क’ म्हणून ओळखला जातो, तो हा पदार्थ वरवर पाहता साधा असला तरी तो टिकतो कसा आणि बिघडतो का, हे समजून घेण्यासारखे आहे.

या पदार्थाची नावेही मोठा प्रवास करून आलेली आहेत. अरबी भाषेतील ‘शरब’ म्हणजे पिणे या धातूपासून सरबत, शराब आणि युरोपात पोहोचून लॅटिनमार्गे इंग्रजीत स्थिरावलेला सिरप, असे तीन शब्द निघाले. म्हणजे हळदीकुंकवाला चालणारे पेय आणि मुळीच न चालणारे पेय ही भाषेच्या घराण्यात सख्खी भावंडे ठरतात. पन्हे या शब्दाचे नाते मात्र संस्कृत ‘पानक’ या शब्दाशी आहे आणि तोच शब्द दक्षिणेत रामनवमीला वाटल्या जाणाऱ्या गूळ, सुंठ व वेलदोड्याच्या ‘पानकम्’मध्येही टिकून आहे. सोळाव्या शतकात भावमिश्राने रचलेल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदग्रंथात कच्चा आंबा पाण्यात उकडून, हाताने कुस्करून, त्यात खडीसाखर, थंड पाणी, कापूर आणि मिरे घालून केलेल्या पेयाची कृती दिलेली असून त्याचे कर्तृत्व भीमसेनाकडे सोपवलेले आहे. विराटाच्या घरी बल्लव होऊन मुदपाकखाना सांभाळणाऱ्या भीमाकडे हा मान जाणे स्वाभाविकच म्हणावे लागेल. कापूर आणि मिऱ्यांची जागा आज वेलदोडा व केशर यांनी घेतली असली तरी उकडणे, कुस्करणे आणि गोड करणे हा क्रम बदललेला नाही.

पाक टिकतो तो साखरेमुळे, हे सर्वांना ठाऊक असते. पण साखर स्वतः जंतूंना मारत नाही, ती त्यांना तहानलेले ठेवते. बुरशी, किण्व म्हणजे यीस्ट आणि जिवाणू यांना वाढण्यासाठी मोकळे पाणी लागते. दाट पाकात पाण्याचे रेणू साखरेच्या रेणूंशी गुंतलेले असल्याने ते या सूक्ष्मजीवांच्या उपयोगी पडत नाहीत. उलट त्यांच्या पेशींमधील पाणीच बाहेर ओढले जाते. विरळ द्रावणातील पाणी पेशीच्या पातळ पडद्यातून दाट द्रावणाकडे वाहते, या क्रियेला परासरण म्हणतात आणि मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटते तेही याच कारणाने. एकूण वजनात विरघळलेल्या घटकांचे, म्हणजे मुख्यतः साखरेचे, प्रमाण किती टक्के आहे ते ब्रिक्स या एककात मोजले जाते. भारतातील अन्नविषयक नियमांनुसार फळांच्या स्क्वॅशमध्ये हे प्रमाण किमान ४० टक्के, क्रशमध्ये ५५ टक्के, तर सिरप किंवा सरबत या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थात किमान ६५ टक्के असावे लागते आणि या सर्वांत फळाचा रस किमान २५ टक्के असणे बंधनकारक असते.

हा ६५ चा आकडा प्रयोगशाळेतून आलेला वाटतो, पण त्याची पडताळणी घरातल्या वाटीने करता येते. ‘वाटीभर गराला दोन वाट्या साखर’ हे अनेक घरांतले जुने प्रमाण आहे. एका वाटीत गर १०० ग्रॅम मावत असेल तर तेवढ्याच वाटीत साखर साधारण ८५ ग्रॅम मावते, कारण साखरेच्या दाण्यांमध्ये हवा असते. म्हणजे दोन वाट्या साखर १७० ग्रॅम भरते. कच्च्या कैरीच्या गरात विद्राव्य घटक सुमारे ८ टक्के धरले तर २७० ग्रॅम मिश्रणात ते एकूण १७८ ग्रॅम होतात, म्हणजे जवळजवळ ६६ टक्के. ज्या बायकांनी ब्रिक्सचे नाव कधी ऐकले नव्हते त्यांनी वर्षानुवर्षे बाटल्या बिघडताना आणि टिकताना पाहून हे प्रमाण नक्की केले असणार, आणि म्हणूनच ते वाटीने मोजायचे आहे, वजनाने नाही, एवढे भान ठेवणे आवश्यक ठरते.

अडचण येते ती आरोग्याच्या काळजीतून. साखर कमी खावी हा सल्ला रास्तच आहे. पण तो पाळण्यासाठी गराला बरोबरीनेच साखर घातली तर वरच्याच हिशेबाने विद्राव्य घटक ५० टक्क्यांच्या आसपास राहतात, आणि असे मिश्रण चैत्रातल्या उन्हाळ्यात फडताळात ठेवले तर काही दिवसांत त्याला फेस येऊ लागतो. तो पाक नसून गोड केलेला गर असतो, त्याची जागा शीतकपाटात असते आणि त्याचे आयुष्य आठवडाभराचेच धरावे लागते. गोडी कमी करायची असेल तर ती पेल्यात पाणी वाढवून करावी, बाटलीत साखर कमी करून नव्हे, हा भेद न पाळल्यामुळेच घरगुती सिरप टिकत नाही असा अपसमज पसरलेला दिसतो.

पन्ह्यासाठी कोय न धरलेल्या, आंबट आणि कडक कैऱ्या घेऊन त्या सालीसकट उकडतात. उकडण्याने गर मऊ होतो हे तर खरेच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चिरलेल्या कैरीला काळपट करणारी वितंचके, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, उष्णतेने निकामी होतात आणि गराचा फिकट पिवळा रंग टिकतो. कच्च्या कैरीत पेक्टिन हा घट्टपणा आणणारा पदार्थ भरपूर असल्याने गर साखरेबरोबर फार वेळ आटवला तर थंड झाल्यावर तो मुरंब्यासारखा थिजतो; त्यामुळे साखर विरघळून एक-दोन उकळ्या येताच पातेले उतरवणे इष्ट असते. वेलदोड्याची पूड आणि केशर आच बंद केल्यावरच घालावे, कारण त्यांचा सुगंध ज्या तेलांत असतो ती वाफेबरोबर उडून जातात आणि मग स्वयंपाकघर तेवढे दरवळते, पेला नाही. गुळाचे पन्हे चवीला अधिक खमंग होते याविषयी वाद नसावा. मात्र गुळात ओलावा आणि साखरेव्यतिरिक्त इतर द्रव्येही असल्याने तो साखरेइतका भरवशाचा रक्षक नाही. म्हणून गुळाचा गर गाळून घ्यावा, शीतकपाटात ठेवावा आणि लवकर संपवावा.

लिंबू, आले किंवा वाळा यांच्या सरबतासाठी आधी नुसता पाक करावा लागतो. एक किलो साखरेला सुमारे ५४० मिलिलिटर पाणी घेतले तर ६५ टक्क्यांचा पाक होतो आणि तो १०३ ते १०४ अंश सेल्सियसला उकळतो. उष्णतामापक नसेल तर बोटांत तार धरण्याच्या जरा आधी थांबावे, कारण तारेवर गेलेला पाक बाटलीत साखर धरतो, म्हणजे त्यात खडे जमतात. हे टाळण्यासाठी उकळत्या पाकात लिंबाचे काही थेंब पिळण्याची रीत आहे. आंबटपणा आणि उष्णता यांमुळे साखरेच्या काही रेणूंचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन साध्या शर्करांत विभाजन होते आणि हे निराळे रेणू मध्ये आल्यामुळे उरलेल्या साखरेला ओळीने रचून खडा बनवता येत नाही. उकळताना चमचाभर दूध घातले असता दुधातील प्रथिने गोठून साखरेतला कचरा आपल्यात अडकवतात आणि तो मळीच्या रूपाने वर येतो. टिकाऊ पाकातून ही मळी पूर्ण काढून टाकावी लागते. लिंबाच्या सरबतातला मुख्य रस मात्र पाक पूर्ण निवल्यावरच घालतात, कारण शिजलेल्या लिंबाचा ताजेपणा जातो आणि त्यात कडवटपणा उतरतो. आल्याचा रस तासभर स्थिर ठेवून तळाशी बसणारे पांढरे पीठ मागे सोडावे, नाहीतर तेच पीठ पुढे बाटलीच्या तळाशी दिसते.

या सर्व पाकांमध्ये आगळा ठरतो तो कोकणातील अमृतकोकम, कारण त्यासाठी चूल पेटवावीच लागत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात रातांबा आणि गोव्यात भिरंड या नावाने ओळखले जाणारे हे फळ एप्रिलपासून पावसाच्या तोंडापर्यंत पिकते. फळे धुऊन, पुसून, कोरडी करून त्यांचे दोन भाग करतात, बिया आणि गर काढून घेतात आणि सालीच्या वाट्यांत साखर भरून त्या चिनी मातीच्या बरणीत थरावर थर रचतात. साधारणपणे एक किलो सालींना दोन किलो साखर लागते आणि सर्वांत वरचा थर साखरेचाच असावा असा कटाक्ष असतो. तोंडाला फडके बांधून बरणी उन्हात ठेवली की परासरणाने सालीतला रस साखरेकडे ओढला जातो, साखर त्या रसात विरघळते आणि आठवडाभरात गडद लाल पाक तयार होतो, ज्यात पुढे भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि किंचित मीठ मिसळतात. या काळात बरणी रोज ढवळणे ही चैन नसून गरज आहे. दाट पाक जड असल्याने तळाशी जातो, वर विरळ रस आणि उघड्या साली राहतात, आणि बुरशी नेमकी तेथेच धरते.

अमृतकोकमाचा लाल रंग अँथोसायानिन या वनस्पतिजन्य रंगद्रव्याचा असतो. हे द्रव्य आंबट द्रावणात लालबुंद राहते, पण उष्णता आणि प्रकाश यांपुढे हळूहळू फिके पडते. म्हणून सूर्यप्रकाश बरणीच्या जाड मातीच्या भिंतीआडून देणे आणि तयार पाक पारदर्शक बाटलीतून खिडकीत न मांडणे यामागे कारण आहे. कारखान्यांत वापरले जाणारे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे रक्षक द्रव्य या रंगाला विरंजित करते, म्हणजे उडवून लावते, आणि त्यामुळे रंगीत रसांसाठी सोडियम बेंझोएट निवडले जाते. महिन्या-दोन महिन्यांत संपणाऱ्या घरगुती पाकात, साखरेचे प्रमाण पुरेसे असेल तर, यांपैकी कशाचीही आवश्यकता भासत नाही. त्याच फळापासून मीठ घालून केलेले आगळ सोलकढीसाठी आणि सुकवलेली आमसुले आमटीसाठी वापरली जातात, हे सांगायचे कारण इतकेच की आगळ आणि अमृतकोकम यांची शहरातील दुकानांत नेहमी गल्लत होते आणि खारट सरबत पिण्याची वेळ पाहुण्यांवर येते.

भांड्यांबाबतची जुनी पथ्ये आजही लागू आहेत. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शिजवला तर धातू विरघळून पदार्थात उतरतो, म्हणून स्टेनलेस स्टील वापरावे. काचेच्या बाटल्या पाण्यात उकळून पूर्ण वाळवाव्यात. आत राहिलेले थेंबभर पाणीही पाकाच्या पृष्ठभागावर विरळ थर तयार करते आणि एवढा थर किण्वाला पुरतो. ओला चमचा घालू नये ही ताकीद लोणच्याइतकीच येथेही खरी आहे. पाकाला दारूसारखा वास आला किंवा झाकण उघडताना फुस्स असा आवाज झाला तर पुन्हा उकळून तो वाचवण्याचा मोह टाळून फेकून द्यावा.

एक लिटर दाट पाकात पाच लिटर पाणी मिसळले असता १५० मिलिलिटरचे ४० पेले होतात आणि प्रत्येक पेल्यात साधारण २१ ग्रॅम साखर जाते. ज्यांना ती अधिक वाटते त्यांच्यासाठी पाणी सहा-सात पट करून चिमूटभर मीठ वाढवावे, कारण मिठाने आंबट-गोड दोन्ही चवी उठून येतात. पाक पाण्यापेक्षा जड असल्याने तो वरून ओतला तर थेट तळाशी बसतो, त्यामुळे मोठ्या पातेल्यात आधी पाक घेऊन त्यावर थोडे-थोडे पाणी घालत ढवळावे आणि पेले भरतानाही पळी तळापासून फिरवावी.

अमृतकोकम गाळून घेतल्यावर मागे उरलेल्या साली उन्हात वाळवल्या की मुलांच्या खिशात जाणारा आंबटगोड खाऊ होतो. बियाही वाया जात नाहीत. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर येणारी पांढरट चरबी थिजू लागताच मुठीत दाबून तिचे गोळे करतात, त्यांना मुठेल म्हणतात, आणि पौष-माघात टाचांना भेगा पडल्या की चैत्र-वैशाखात केलेला हा गोळा फडताळातून बाहेर निघतो.