लेम नावाची समिती

२ सप्टेंबर १९७४ या तारखेचं एक पत्र आहे. कॅलिफोर्नियातून एफबीआयला धाडलेलं. लिहिणारा फिलिप के. डिक, ‘ब्लेड रनर’ ज्याच्या कादंबरीवरून निघाला, तोच. सोबत पुरावा म्हणून त्याने एक लेटरहेड जोडलं होतं. ते माँट्रियलमध्ये शिकवणारे प्राध्यापक डार्को सुविन यांचं. त्यावर सुविनबरोबर आणखी तीन नावं होती: पीटर फिटिंग, फ्रेडरिक जेमसन आणि व्हिएन्नाचे फ्रान्झ रोटेनश्टायनर. डिकचं म्हणणं असं, की ही सगळी मार्क्सवादी मंडळी असून त्यांची सूत्रं पोलंडच्या क्राकूव शहरातून हलतात. तिथे स्तानिस्लाव लेम बसला आहे. तो पक्का पक्षाचा माणूस, आणि बहुधा माणूस नसून समितीच. कारण तो अनेक शैलींत लिहितो, आणि परक्या भाषा त्याला कधी वाचता येतात, कधी येत नाहीत. समीक्षेच्या आडून अमेरिकन विज्ञानकथेवर कब्जा करण्याचा हा डाव आहे, वेळीच लक्ष घाला.

‘सोलारिस’चा लेखक म्हणजे समिती! हे पत्र डिकच्या ढासळत्या मनाचा दाखला म्हणून सांगितलं जातं, आणि तेवढ्यावरच ते संपवलं जातं. मला मात्र ते कित्येक वर्षं वेगळ्या कारणाने बेचैन करत आलं आहे. त्यात ज्यांच्यावर संशय घेतला आहे, ते त्या काळातले डिकचे सर्वांत गंभीर वाचक होते. आणि त्यांच्या वाचनाच्या केंद्रस्थानी एक कादंबरी होती: १९६९ची ‘युबिक’.

कथानक थोडक्यात. चंद्रावर स्फोट होतो आणि ग्लेन रन्सिटर हा कंपनीचा मालक मरतो. जो चिप आणि बाकीचे सहकारी त्याला झुरिकच्या शीतगृहात पोचवतात. मेलेल्यांना तिथे ‘अर्धजीवना’त राखतात, त्यांच्याशी काही काळ बोलताही येतं. पण मग भोवतालचं जगच मागे सरकू लागतं. सिगारेटी हातात शिळ्या होतात, यंत्रांची जुनी मॉडेलं होतात, बघता बघता १९३९ साल उजाडतं. मुतारीच्या भिंतीवर मालकाच्या हातचा मजकूर सापडतो: जिवंत मी आहे, मेलात ते तुम्ही. या क्षयावर उतारा एकच, स्प्रेच्या डब्यातलं युबिक. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर युबिकची जाहिरात आहे. कुठे ती बिअर असते, कुठे इन्स्टंट कॉफी. शेवटच्या प्रकरणावर मात्र युबिक स्वतःच बोलतं, आणि विश्व आपण घडवल्याचं सांगतं.

आता याचा अर्थ काय लावायचा?

फिटिंगना यात भांडवली जगाचा आणि भांडवली कादंबरीचाही पर्दाफाश दिसला. त्याला मजकुरात आधार भरपूर आहे. जो चिपच्या घराचं दार नाणं टाकल्याशिवाय उघडत नाही. तो कडीचे स्क्रू काढायला बसतो, तर दार त्याला कोर्टात खेचायची धमकी देतं. तारणहारसुद्धा इथे डबाबंद माल होऊन येतो. खरं काय हे सांगणारा विश्वासू निवेदक कादंबरी आपल्याला देतच नाही, हा फिटिंगचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

लेमची वाट निराळी. त्याने बजावलं की या कादंबरीतल्या घटनांचा हिशेब जुळवत बसू नका, तो जुळणारा नाही. बाजारू विज्ञानकथेचं भंगार वापरून डिक मृत्यू आणि विनाश यांविषयी असं काही बोलतो, जे त्या बाजारात दुसरं कुणी बोलत नाही. हे ज्या लेखात आहे, त्याच्या शीर्षकातच लेमने डिकला भोंदूंच्या गर्दीतला द्रष्टा म्हटलं आहे. तो लेख आणि फिटिंगचा लेख दोन्ही ‘सायन्स फिक्शन स्टडीज’च्या मार्च १९७५च्या अंकात आले. म्हणजे त्या पत्रानंतर अवघ्या सहा महिन्यांत, सुविन ज्याचे संपादक होते त्याच नियतकालिकात.

लेम पक्षाचा सभासद नव्हता. ल्वूवच्या ज्यू घरातला हा मुलगा खोट्या कागदपत्रांवर नाझी राजवटीतून वाचला, आणि त्याची पहिली गंभीर कादंबरी पोलंडच्या सेन्सॉरने कित्येक वर्षं अडवून धरली. डिकचा आरोप त्याच्यावर घोर अन्याय करणारा होता. पण ‘अनेक शैलींत लिहितो’ हे निरीक्षण? ते अगदी अचूक आहे. ‘सोलारिस’चा भारदस्त, हताश सूर आणि ‘सायबेरियाड’मधला शब्दांचा धुमाकूळ एकाच हातचे वाटत नाहीत. १९७१ साली लेमने अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांच्या परीक्षणांचं आख्खं पुस्तक लिहिलं. तिथे तो खरोखरच एकटा अनेक लेखक झाला होता. लेमबद्दल समीक्षकांनी पानंच्या पानं खर्चून जे म्हटलं, ते डिकने एका वाक्यात पकडलं, आणि पकडल्या पकडल्या पोलिसांच्या हवाली केलं.

त्या वर्षीचा डिक समजून घ्यायला हवा. फेब्रुवारी-मार्च १९७४मध्ये त्याला दृष्टान्त झाले होते. औषध घेऊन आलेल्या मुलीच्या गळ्यातला माशाच्या आकाराचा दागिना पाहून त्याला आदिम ख्रिस्ती काळ आठवला, निदान त्याची तशी श्रद्धा होती. त्या दिवसांत त्याच्यासाठी कुठलीच वस्तू नुसती वस्तू उरली नव्हती. स्प्रेच्या डब्यात देव असू शकतो, तर लेटरहेडवरच्या चार नावांत पक्ष का नसावा? मुतारीच्या भिंतीवरचा मजकूर जो चिप ज्या डोळ्यांनी वाचतो, त्याच डोळ्यांनी डिकने ते लेटरहेड वाचलं, असं मी मानतो.

१९८२मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने ‘एक्सेजेसिस’ नावाने सुमारे आठ हजार पानं लिहून ठेवली. त्यात तो ‘युबिक’कडे पुन्हा पुन्हा परततो. आपण नकळत सत्य लिहून गेलो, युबिक म्हणजे आदिशब्द, असं तो मांडतो. पुढे नवी उपपत्ती, मग तिच्यावर शंका. जन्मानंतर काही आठवड्यांत गेलेली त्याची जुळी बहीण जेन हीच कादंबरीतल्या एलाच्या, रन्सिटरच्या अर्धजीवनातल्या बायकोच्या, मागे उभी आहे, असंही अनेक अभ्यासक मानतात. हे वाचन हृदयाला भिडतं. पण त्याने कादंबरी आकसते, म्हणून ते मला पुरेसं वाटत नाही.

कारण शेवटचं पान अशा अर्थांना आडवं येतं. रन्सिटर जिवंत जगात आहे, अशी आपली खात्री पटलेली असते. तो खिशातून नाणी काढतो आणि त्यांवर जो चिपचा चेहरा असतो. मग मेलेलं नेमकं कोण? फिटिंगच्या वाचनात हे पान सर्वांत सहज बसतं. डिकच्या देवाला ते परवडत नाही. जग धरून ठेवणारा देव असेल, तर ते नाणं बदलायला नको होतं. लेम इथे हिशेब सोडून देतो, आणि मी त्याच्या बाजूचा आहे.

१९७५मध्येच ‘युबिक’ पोलिश भाषेत आली. प्रकाशन क्राकूवचं, मालिका लेमच्या शिफारशीने निवडलेल्या पुस्तकांची, शेवटी जोडलेला लेख खुद्द लेमचा. पुढच्याच वर्षी अमेरिकन विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने लेमचं मानद सभासदत्व काढून घेतलं. उर्सुला ले ग्विन यांनी निषेध म्हणून आपली कथा नेब्युला पुरस्काराच्या स्पर्धेतून मागे घेतली.